वाटाड्याचा मुलूख

पोस्टमनने कार्ड हातात दिलं तेव्हा त्याचा एक कोपरा फाडलेला होता. आमच्याकडे मरणाची बातमी अशी येते. कोपरा दिसला की माणूस आधी पाठवणाऱ्याचं नाव शोधतो आणि मग वाचायला धीर करतो. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाई ओट्यावरूनच म्हणाल्या, "नर्सबाई, ते घरात नेऊ नका, वाचून तिथंच फाडून टाका." मी दारात उभं राहून वाचलं. अकोल्याच्या गिरजाबाई नावाच्या बाईंनी दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं होतं. माझा भाऊ वामन इंगळे छातीच्या दुखण्याने वारला, तुमचा पत्ता त्याच्याजवळ सापडला म्हणून कळवते, एवढंच. मी ते कार्ड फाडलं नाही. शेजारीण विचारत होती, कोण होते म्हणून. नातं नव्हतं. ओळखीचे म्हणावं तर त्यांचा चेहराही मी कधी पाहिला नव्हता... शेवटी मी म्हणाले, "आमचे वाटाडे होते." तिला वाटलं, मेळघाटातले कुणी असतील.

ही ओळख झाली तेव्हा मी शेंदूरजनाघाटला नवीनच होते. नर्सिंगचं शिक्षण संपवून मिळालेली पहिली नेमणूक. आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याला वर्ष झालं असेल नसेल. गावात खोली शोधायला निघाले की लोक आधी हसून दार उघडायचे, मग आडनाव विचारायचे, आणि मग ती खोली आधीच कुणाला तरी दिलेली निघायची. शेवटी दवाखान्यामागच्या सामानाच्या खोलीत मी खाट टाकली. दिवसभर बायका, बाळंतपणं, रडणारी मुलं; दुपार कलली की सगळे आपापल्या घरी. संत्र्याच्या बागांकडून गार वारा यायचा आणि मी दारात स्टोव्ह पेटवत बसायची. बोलायला कुणी नव्हतं. दवाखान्यात एक साप्ताहिक येई, त्यात वाचकांच्या पत्रमैत्रीसाठी एक कोपरा होता. त्यात एकदा वाचलं : 'पत्रातून प्रवासाला निघायचे आहे. तीन सोबती हवेत. सामान म्हणून पोस्टकार्ड पुरे.' खाली अकोल्याचा पत्ता. गंमत म्हणून मी कार्ड टाकलं.

उत्तर आलं ते फार गंभीरपणे लिहिलेलं होतं. वामनराव एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग बंद, कारकुनाला काम थोडं, वेळ पुष्कळ. त्या वेळात त्यांनी मनातला एक मुलूख काढला होता, म्हणजे खरं तर काढला नव्हता, तो कवड्यांनीच काढायचा होता. त्यांच्याजवळ सहा कवड्या होत्या आणि स्वतः केलेले तीन तक्ते : वाटेत कोणती जागा लागेल, तिथे कोण भेटेल, काय घडेल. कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील त्या नंबरची गोष्ट तक्त्यातून घ्यायची. आम्ही तिघांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपलं माणूस पुढे काय करतं ते कार्डावर लिहून त्यांना कळवायचं. तिघांची कार्डं आली की ते पुन्हा कवड्या टाकणार आणि काय झालं ते तिघांना लिहिणार. सही 'वाटाड्या' अशी. मी वैदीण झाले. परतवाड्याला लाकडाच्या वखारीत काम करणारे इस्माईलभाई चोर झाले. दर्यापूरला सायकलचं दुकान असलेले किसनराव झाले राज्य सोडून पळालेले सेनापती. कुणी कुणाचं आडनाव विचारलं नाही. वैदिणीला कोणत्या झाडाचा पाला कशाला लागतो एवढं आलं की झालं.

कवड्यांना ताळतंत्र नसतं, म्हणून तो मुलूखही तसाच होता. एकदा जागेत 'घर' पडलं आणि भेटणाऱ्यात 'डोंगर'. दुसऱ्या कुणी पुन्हा कवड्या टाकल्या असत्या. वामनरावांनी लिहिलं, 'एका म्हातारीच्या घरात डोंगर आहे. ती त्याला रोज झाडून काढते. वर जायचे तर चपला बाहेर काढा, असे म्हणते.' आणि आम्हाला तो डोंगर चढायला सगळा पावसाळा लागला. पडलेलं दान त्यांनी कधी फिरवलं नाही. इस्माईलभाईंचा चोर प्रत्येक चोरीत सापडायचा, कारण कवड्या नेमक्या त्याच वेळी पालथ्या पडत. ते त्यांच्या मिसळीच्या मराठीत लिहीत, 'वाटाडेसाहेब, चोराले चोरी जमून नाही राहिली. पर हात चालू ठेवतो.' दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की वामनरावांची कार्डं आखूड होत, कधी दोन ओळींची, आणि शाईला रुईचा बारीक तंतू चिकटलेला असे. मी तो नखाने काढायची नाही.

एका आषाढात दवाखान्यात एक बाळंतीण आणली. नाल्याला पूर होता, बैलगाडी अडकली होती, आणली तेव्हा फार उशीर झाला होता. मूल वाचलं, ती गेली. डॉक्टर म्हणाले, तुमच्या हातात काही नव्हतं. मलाही ते कळत होतं. पण तिने माझा हात धरलेला होता आणि तिची पकड सुटली ते माझ्या हाताला कळलं होतं... कुणाला सांगणार. त्या आठवड्याच्या कार्डावर मी एवढंच लिहिलं, 'वैदीण वाटेवर बसली आहे. आता उठणार नाही.' कारण लिहिलं नाही. वाटलं होतं, उत्तरात वाघ येईल किंवा वादळ येईल, कवड्या काहीतरी करून मला उठवतील. वामनरावांचं कार्ड आलं : 'वैदीण बसली आहे म्हणून सगळे बसले. सेनापतींनी तलवार ठेवून चूल मांडली. चोराने लाकूड आणले, या वेळी विकत. आज कवड्या टाकल्या नाहीत.' पुढच्या वेळी, 'आजही बसलो आहोत. ऊन बरे आहे.' त्याच्या पुढच्या वेळी, 'चोर सांगतो, जल्दी नाही.' असं पावसाळा सरेपर्यंत चाललं. एकानेही का म्हणून विचारलं नाही. त्या सामानाच्या खोलीत मी एकटी होते, पण कुठेतरी एका वाटेवर तीन माणसं माझ्यासाठी थांबून आहेत हे मला रोज सकाळी उठल्यावर आठवायचं आणि मी कामाला जायची. नवरात्राच्या सुमारास मी लिहिलं, वैदीण उठते. उत्तरात एकच ओळ होती : 'चला मग, पुढे ओढा आहे, पाणी गुडघाभर.'

मुलखात आम्ही इतके सोबत हिंडलो की शेवटी खरंच भेटावं असं वाटू लागलं. इस्माईलभाईंनी काढलं, 'एक डाव अमरावतीले जमू, सगळ्याइले सोयीचं.' भाद्रपदातला रविवार ठरला, बसस्टँडजवळचं एक हॉटेल ठरलं. मी ठेवणीतलं पातळ नेसून वरूडमार्गे आले. इस्माईलभाई आधीच येऊन बसले होते, मी समजत होते त्यापेक्षा खूपच म्हातारे, दाढी पांढरी, हातात ओल्या शेंगांची पिशवी. किसनराव कडक इस्त्रीची टोपी घालून आले. चार खुर्च्यांच्या टेबलाशी आम्ही तिघं बसलो आणि बोलणंच फुटेना. कार्डावर डोंगर चढलेली माणसं आम्ही, पावसाचं विचारलं, बसचं विचारलं, आणि संपलो. किसनरावांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते "बरं, बरं" म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले. त्यांच्या मनात काही असेल, नसेलही, पण मी आखडून गेले. इस्माईलभाईंनी शेंगा टेबलावर ओतल्या. म्हणाले, "वाटाडे आले का रंग भरन. खा तवरिक." मग आम्ही खाली मान घालून शेंगा फोडत राहिलो. वामनराव आले की ते सुरू करतील, काहीतरी विचारतील, आणि आम्ही पुन्हा आम्ही होऊ, असं तिघांनाही वाटत होतं. टरफलांचा ढीग झाला. परतवाड्याची गाडी लागली तेव्हा इस्माईलभाई उठले. वामनराव आले नाहीत.

नंतरच्या कार्डात त्यांनी लिहिलं, हंगाम होता, रजा मिळाली नाही. भाद्रपदात जिनिंग बंद असतं हे वऱ्हाडातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आम्ही कुणीच त्याबद्दल विचारलं नाही. पण त्यानंतर खेळ पातळ होत गेला. किसनरावांची कार्डं आधी उशिरा आली, मग आली नाहीत. सेनापती एका गावात जावई होऊन राहिला असं वामनरावांनी लिहून टाकलं. इस्माईलभाईंची नजर गेली तशी ते नातवाकडून लिहून घेऊ लागले आणि नातवाला त्यात गोडी नव्हती. माझी बदली अमरावतीला झाली. शेवटी शेवटी वर्षाकाठी दोन-चार कार्डं व्हायची, त्यात मुलूख थोडा आणि खोकला जास्त. भेटायला येऊ का, असं मी एकदा लिहिलं होतं. त्यांनी त्या ओळीला उत्तर दिलं नाही, दुसऱ्या सगळ्या ओळींना दिलं.

बातमी आल्यावर पहिल्या सुट्टीत मी अकोल्याला गेले. जिनिंगच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर होतं. गिरजाबाई वामनरावांच्या थोरल्या बहीण, विधवा, भावाजवळच राहिलेल्या. मी नाव सांगितलं तशी त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "वैदीण व्हय तुमी. या न आत." भावाचं लग्न झालं नव्हतं. जिनिंगमध्ये कुणाशी फार बोलत नसे, जेवणाच्या सुट्टीतही एकटाच बसे, असं त्या सांगत होत्या. मी फार जपून विचारलं, ते अमरावतीला आले नाहीत, त्या वेळी तब्येत बरी नव्हती का?

"आला नाही काहून? गेला होता न बाई," गिरजाबाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी केस कापले, सदरा मीच धुऊन देला. सकाळच्या गाडीनं गेला अन् संध्याकाळी वापस. मी म्हटलं, भेटले का रे? त म्हने, पाह्यलं. रस्त्याच्या पलीकडे झाडाखाली उभा होता म्हने. म्हने, तिघं बसले होते, शेंगा खात, डोके जवळ करून बोलून राहिले होते. एवढं रंगलं होतं त्याइचं. मी गेलो असतो त सगळे गप झाले असते."

रस्त्याच्या पलीकडून तसंच दिसलं असणार. तीन वाकलेली डोकी, हलणारे हात... आत जायला त्यांना एक रस्ता ओलांडायचा होता. मी सांगावं की नाही याचा विचार केला, आणि मग सांगितलं. म्हणाले, "आम्ही बोलत नव्हतो, गिरजाबाई. आम्हाला एक शब्द सुचत नव्हता. आम्ही तिघंही त्यांचीच वाट पाहत होतो."

गिरजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे त्याले कोणी सांगाले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला आतली खोली दाखवली. भिंतीला टेकून खाट, खिडकीखाली लाकडी पेटी, ती पालथी घालून केलेलं मेज. पेटीच्या कडेला मनगट टेकून टेकून लाकूड गुळगुळीत झालं होतं. जिनिंगवरून आला की हातपाय धुऊन इथंच बसे, गिरजाबाई म्हणाल्या, अन् लिहायच्या आधी सगळं मोठ्यानं बोलून पाही. चोराचं बोलणं चोराच्या आवाजात, सेनापतीचं छाती काढून. "मी तिकडे भाकरी करून राहिली का मले वाटे, घरात पाव्हणे आले. तुमचा आवाज त असा बारीक काढे, लहान पोरीवानी." त्या थोड्या हसल्या. "पर तुमचा आवाज तसा नाही. भरडा आहे."

मी म्हणाले, हो, भरडाच आहे. दवाखान्यात सगळे तेच म्हणतात.

"आता सांजच्याले घर लय गप असते," त्या म्हणाल्या. बाहेर ऊन उतरत होतं, गल्लीतून सरकीची एक गाडी गेली. मला परतीची बस धरायची होती. गिरजाबाईंनी खाटेवरची चादर हाताने सारखी केली आणि मला पेटीशी जागा करून दिली. "थोडं बोला न बाई," त्या म्हणाल्या. "कायचंही बोला. मी तिकडे भाकरी टाकतो."

त्या चुलीकडे गेल्या. मी पेटीच्या कडेला मनगट टेकून बसले. काय बोलावं कळेना, म्हणून शेंदूरजन्याच्या वाटेचं सांगू लागले, की वरूड सुटलं की दोन्ही बाजूंना बागा लागतात, बहार असला की बसमध्येही वास येतो, आणि मध्ये एक नाला आहे, त्यावर तेव्हा पूल नव्हता... तिकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. मी आवाज थोडा मोठा केला आणि सांगत राहिले.