केबिनमधला दिवा

टॉकीजमध्ये सगळे त्यांना मास्तर म्हणत. रिळांच्या काळापासून ते वरच्या केबिनमध्ये होते. तिथे मशीनचा इतका खडखडाट असे की बोलणंच व्हायचं नाही, सगळं खुणांवर चाले. म्हणून ऐकू न येणारी बायको केली तेव्हा त्यांना जड गेलं नाही. हातांची भाषा ते झटपट शिकले. भांडणातली सोय मात्र त्यांनी स्वतःच शोधली. ती फार बोलायला लागली की ते उठून दिवा मालवत. अंधारात तिचे हात गप्प होत.

मुलीने आईवरच सिनेमा केला. संवाद सगळे हातांचे, खाली त्यांचा अर्थ अक्षरांत. टॉकीजच्या मालकाने एक खेळ दिला. लोक शेवटपर्यंत बसले तर आठवडाभर लावतो, म्हणाला.

सिनेमाची फाइल बनवणाऱ्याने मुलीला विचारलं होतं, "तिथला सिनेमा चालवणारा सर्व्हर जुना आहे का? जुन्यांना ही नव्या पद्धतीची सबटायटल्स वाचता येत नाहीत. तसं असेल तर अक्षरं चित्रावरच छापून देतो."

मुलीने फोन लावला.

"बाबा, नीट बघून सांग हं."

"मला शिकवतेस? माझं मशीन दगडसुद्धा पचवतं. पाठव तशीच."

फाइल सर्व्हरमध्ये विनातक्रार उतरली. मास्तरांनी रिळांच्या सवयीनेच तपासलं. पहिलं रीळ, शेवटचं रीळ. मधलं कोण बघत बसतं? सुरुवातीला मुलीचं नाव ठळक दिसलं. शेवटी आभारही दिसले. अक्षरं येतायत, झालं. पण ती नावं चित्रातच छापलेली होती. संवादांची फाइल वेगळी होती, आणि सुरुवातीला-शेवटी संवादच नव्हते.

खेळाला बऱ्यापैकी गर्दी झाली. आई नटूनथटून पहिल्या रांगेत बसली. पडद्यावरची बाई हात हलवू लागली. खाली काहीच नाही.

"मास्तर, अक्षरं कुठेत?" मालक केबिनमध्ये घुसला.

मास्तरांनी सबटायटल्सचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं. सर्व्हर ढिम्म.

"थांबवू का?"

"थांबवलंत तर खुर्च्या फोडतील. चालू द्या."

"आवाज!" खालून कुणी ओरडलं. मास्तरांनी घाबरून आवाज वाढवला. पडद्यावरच्या स्वयंपाकघरात भांडी दणादण आपटू लागली. हॉल खदखदून हसला.

"अहो, बाई माश्या हाकलतायत!"

मग शिट्ट्या सुरू झाल्या. एक जण उभा राहून हात नाचवू लागला.

पडद्यावर तेव्हा नेमका आईच्या तरुणपणातला एक गमतीचा किस्सा चालू होता. पहिल्या रांगेतली आई मागे वळली. रांगाच्या रांगा हसत होत्या. तिचा चेहरा फुलला. हात नाचवणाऱ्याला तिने हातांनीच विचारलं, आवडलं? हॉल आणखी हसला.

दिवे लागले तोवर बरेच लोक अंधारातच निघून गेले होते. "पोस्टर उतरवतोय," मालक जिन्यावरूनच म्हणाला.

आईने वर केबिनच्या खिडकीकडे पाहिलं. तिचे हात भराभर बोलू लागले. लोक किती हसले! उद्याही आहे ना?

मुलगी तिच्या शेजारी उभी होती. तीही वर बघत होती, बापाचे हात काय सांगतात ते.

मास्तरांनी केबिनमधला दिवा मालवला.