तबकडीच्या भोकातली सुपारी

जमैकातल्या जुन्या गायकांवर माझं प्रेम आहे, हे मी नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि घरी कळवलं की मुलीला गाण्याची आवड आहे. पुण्यात त्याचा अर्थ भावगीतं असा घेतला गेला. मीही तो दुरुस्त करायला गेले नाही, कारण लग्न ठरताना कोणीच सगळं दुरुस्त करत बसत नाही.

तेव्हा मी जर्मनीत, येनाला, प्रकाशशास्त्राच्या एका संस्थेत पीएचडी करत होते. दिवसभर काम काय, तर आरशावर धुळीचा कण आहे का ते बघायचं. एक कण सापडला की दिवस फुकट. आणि संध्याकाळी घरी येऊन ऐकायचं काय, तर धुळीने खरखरणाऱ्या, ओरखड्यांनी भरलेल्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या तबकड्या. नवरा म्हणायचा, तुझ्या प्रोफेसरला कळलं तर तो तुला काढून टाकेल.

हे वेड लागलं फ्लोमार्क्टमध्ये. तिथल्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्याकडून मी इस्त्री घेतली आणि त्याने वर एक छोटी तबकडी फुकट दिली. मधलं भोक एवढं मोठं की मला वाटलं उंदराने कुरतडलं असावं. ती वाजवायला यंत्र नव्हतं, ते संस्थेतल्या एका सहकाऱ्याकडून आणलं. गाणारा माणूस बायको सोडून गेल्याचं दुःख सांगत होता आणि मागे वाजवणारे लोक जणू तिच्याच वरातीत निघाले होते. रडावं की नाचावं कळेना. मी दोन्ही केलं. तेव्हा नवरा नव्हताच, म्हणून जमलं.

मला त्या गाण्यांमधली खोली आवडते. छोटीशी खोली, त्यात सगळे एकदम उभे राहून एका दमात वाजवणार. चुकलं तर चुकलं. माझ्या सगळ्यात लाडक्या तबकडीवर दुसऱ्या कडव्यानंतर कोणीतरी चक्क खोकतं. तो खोकला कोणी काढून टाकला नाही, याबद्दल मी त्या अनोळखी लोकांची आजन्म ऋणी आहे.

पाच वर्षांत तबकड्यांनी आमच्या अडीच खोल्यांतली अर्धी खोली व्यापली. मग मला दिवस गेले आणि घरात युद्ध सुरू झालं. नवऱ्याचं म्हणणं, ते सगळं खाली केलरमध्ये जाऊ दे. आमचं ते तळघर असं होतं की तिथे ठेवलेले बटाटे महिनाभरात दाढी वाढवून बसायचे. कागदी पाकिटं तिथे एक हिवाळाही टिकली नसती.

"सगळं कॉम्प्युटरवर घे ना," तो म्हणाला. "बोटाएवढ्या प्लेयरमध्ये मावेल."

"तुझी आईसुद्धा फोनमध्ये मावते. मग तिला कशाला बोलावतोयस?"

"गेनाऊ," तो म्हणाला. जर्मन शिकल्यापासून हरायला लागला की तो गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणायचा. "आईच येऊ दे. बाळंतपणाला आली की त्या खोलीत तिलाच झोपायचंय. ती म्हणेल ते करू."

त्याला खात्री होती, कारण सासूबाईंना घरात पसारा चालत नसे. मलाही तीच खात्री होती, आणि म्हणून माझी झोप उडाली होती.

सासूबाई आल्या त्या डिंकाचे लाडू, दोन किलो कुळीथ आणि पूजेचं अख्खं साहित्य घेऊन. मी दुसऱ्याच दिवशी माझी ती खोकल्याची लाडकी तबकडी लावली. त्यांनी आधी गॅसकडे बघितलं.

"कढईत काही टाकलंयस का गं? तडतडतंय."

"नाही आई, तो रेकॉर्डचाच आवाज आहे."

त्या बसल्या, मांडीवर बोटांनी मात्रा मोजू लागल्या. गाण्यातला खोकला आला तेव्हा म्हणाल्या, ह्याला कोणी ज्येष्ठमध द्या. गाणं संपल्यावर त्यांनी निकाल दिला.

"गायक बरा आहे. पण तो ठोका देणारा समेला झोपतो. सगळं जग पहिल्या मात्रेला ठोका देतं, हा मेला तिसरीला जागा होतो."

मी बघतच राहिले. त्या संगीताची सगळी गंमत तीच तर आहे, सम मोकळी ठेवण्याची. नवऱ्याला ती इतक्या वर्षांत ऐकू आली नव्हती. तो अजूनही याला "तुझं ते ढुप ढुप" म्हणत होता.

मग मी तबकडी उलटी केली. या तबकड्यांच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा तेच गाणं असतं, पण गायक काढून टाकलेला. नुसता ठेका आणि साथ. जमैकात त्यावर दुसरा कोणी उभा राहून यमकं जुळवत फुशारक्या मारी, लोकांच्या टोप्या उडवी. सासूबाईंना हे समजावून सांगावं लागलं नाही. रिकामा ठेका चाललेला त्यांना ऐकवेना. त्या म्हणाल्या, "येनाच्या बाजारात मिळेना ताजा घेवडा, सूनबाईच्या घरी जेवणाला चिवडा," आणि शेवटी सासऱ्यांचं नाव घेऊन बरोबर तिसऱ्या मात्रेवर टाळी दिली. मंगळागौरीत चाळीस वर्षं सुनांची पिसं काढलेली बाई ती. आठवडाभर रोज दुपारी माझ्या स्वयंपाकाचे धिंडवडे निघत होते आणि मी हसून हसून पोट धरत होते, जे त्या अवस्थेत सोपं नव्हतं.

पण खोलीचं विचारलं की त्या नुसतं "बघू" म्हणत. नवरा मात्र कामाला लागला. त्याने खोकी आणली, तळघरासाठी लाकडी फळ्या आणल्या आणि रविवारी दुपारी सगळं खाली न्यायचं असं जाहीर करून टाकलं. त्या रविवारी दसरा होता.

सकाळी मला उठायला उशीर झाला. अर्ध्या खोलीत उदबत्तीचा वास. खोकं पालथं घालून त्यावर माझी खण-साडी अंथरलेली. रेकॉर्ड प्लेयरच्या गळ्यात बाल्कनीतल्या झेंडूची माळ. आणि समोर ताटात माझी लाडकी, खोकल्याची तबकडी. तिच्यावर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं, वर अक्षता. मधलं मोठं भोक तांदळाने भरलेलं, त्यावर सुपारीचा गणपती.

"आज हत्यारांची पूजा," सासूबाई म्हणाल्या. "तुझं हत्यार हेच ना? रोज हीच लावतेस, म्हणून हीच घेतली."

माझा चेहरा बघून त्यांना कळलं की काहीतरी बिघडलं. त्यांनी गणपतीला हात जोडले, सुपारी बाजूला घेतली, तबकडी उचलली आणि मी स्वयंपाकघरात पोचेपर्यंत ती नळाखाली धरून हिरव्या घासणीने खसाखसा घासली.

"अहो आई, ते ताट नाही..."

पण ताट झालं होतं. मी ती पुसून, वाळवून लावली. सुई पहिल्या ओळीवरून घसरली ती थेट शेवटी जाऊन थांबली. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. गरोदरपणात रडू येतंच असं सगळे सांगत होते, पण हे तसलं रडू नव्हतं. मला त्या गायकासाठी रडू येत होतं आणि सासूबाईंचा इतका राग आला होता की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एवढ्यात नवरा खोकी घेऊन आला. "आल्झो," तो म्हणाला, "मग सुरुवात करायची ना?"

"काही न्यायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून घासणी होती. "पूजा झालेली वस्तू घराबाहेर जात नाही."

"असं कुठे असतं? माझ्या सायकलची दर दसऱ्याला पूजा करायचीस, तीच भंगारात दिलीस."

"ती सायकल होती."

"आई, एकाच रेकॉर्डची पूजा झाली. बाकीच्यांचं काय? आणि थोडे दिवसच ठेवायचंय. बाळ मोठं झालं की आणू परत वर."

"माझी बाजाची पेटीपण थोडे दिवसच माळ्यावर गेली होती."

नवऱ्याने खोकं खाली ठेवलं. "आपल्याकडे पेटी होती?"

"होती. तू झालास, पाळणा ठेवायला जागा नव्हती."

माझा राग गेला नव्हता, तबकडीही परत येणार नव्हती, पण मी उठून त्यांच्या हातातली घासणी काढून घेतली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं.

थोड्या वेळाने नवरा तळघरात गेला आणि फळ्या वर घेऊन आला. जर्मनीत रविवारी भिंतीला भोक पाडणं म्हणजे शेजाऱ्यांशी जन्माचं वैर. त्याने पाडलं. खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने ठोकल्याचा आवाज आला, तरी तो थांबला नाही. सासूबाई मागे उभ्या राहून सूचना देत होत्या.

"अजून वर घे. बाळाचा हात पोचायला नको."

त्याने फळी आणखी वर धरली. त्यांनी मला पुढे ओढलं आणि माझा हात धरून उंच केला.

"एवढी पण वर नको. हिचा पोचला पाहिजे."