विमलाबाई पुणं बघतात

आमच्या पुण्याला नावं ठेवणारे मला पुष्कळ भेटले, पण पुण्याकडे बघायलाच तयार नाही अशी बाई पहिल्यांदा भेटली ती समोरच्याच फ्लॅटमध्ये. विमलाबाई, योगेशची आई. वाशिमजवळच्या खेड्यातून गणपतीच्या आदल्या दिवशी कर्वेनगरला आल्या. योगेश आणि त्याची बायको पूर्णिमा, दोघंही आयटीत. म्हणून योगेश मला म्हणाला, "पद्मजाकाकू, आईला जरा पुणं दाखवाल का? तुम्ही मूळच्या पेठेतल्या." असं म्हटल्यावर पेठेतलं माणूस नाही म्हणतं का? त्यातून मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला. मला आयतंच गिऱ्हाईक मिळालं.

गिऱ्हाईक मात्र जागेवर ठरेना. शनिवारवाड्यासमोर मी पेशवाईला सुरुवात केली, तर बाई मधेच म्हणाल्या, "याच्या मांगं घर केवढं हाय?"

"मागे घर नाही आता. जळालं. जोती तेवढी राहिलीत."

"मंग नुसतं दारच जपून ठेवलं व्हय?"

मी पेशवाई आवरती घेतली. दगडूशेठच्या रांगेत त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. ऐन मूर्तीसमोर आलो, लोक हात जोडून उभे, आणि ही बाई मला विचारते, "वाशिमची गाडी कुठून सुटते वो?" दुसऱ्या दिवशी खडकवासल्याला नेलं. भाजलेलं कणीस त्यांच्या हातात तसंच गार झालं. मग मात्र माझं डोकं फिरलं.

"विमलाबाई, पुण्यात एसटी स्टँड सोडून बघण्यासारखं इतरही काही आहे बरं का."

त्या खळखळून हसल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "रागावू नका बाई. माह्या घरी महालक्ष्म्या बसतेत. अंगण सारवाचं राह्यलं. लगन होऊन आली तवापासून माह्याच हातानं बसतेत."

आमच्याकडे खड्यांच्या गौरी. नदीवरून खडे आणायचे, पूजा करायची, पुन्हा नदीत. सुटसुटीत काम. त्यांच्याकडे मात्र पितळी मुखवट्यांच्या दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, साड्या नेसून उभ्या. त्यांची रीतही कडक. मुखवटे जिथे, तिथेच घर. घर कायमचं हलवायचं असेल तरच ते उंबरा ओलांडतात. आणि आवाहनाच्या वेळी, मुखवटे हातात घेऊन बाई दारात जे बोलेल, ते घरातल्या कुणी मोडायचं नाही. म्हणून बायका त्या वेळी फार जपून बोलतात, असं त्या म्हणाल्या.

योगेशनं आईला आवाहनाच्या आधी घरी पोचवायचा शब्द दिला होता. पण रोज नवं काहीतरी निघायचं. गाड्या फुल आहेत, रजा नाही, उद्या बघू. बाई भरलेली पिशवी दाराशी ठेवून घरभर येरझाऱ्या घालायच्या. पूर्णिमा ती पिशवी कपाटात ठेवायची, की ती पुन्हा दाराशी.

आवाहनाच्या आदल्या दिवशी योगेशनं मला चहाला बोलावलं. चेहरा उजळलेला. आईसमोर एक गाठोडं ठेवून म्हणाला, "आई, सरप्राइज! आता गावाला जायचं टेन्शनच नाही."

आत दोन्ही मुखवटे होते. गावाकडून येणाऱ्या मित्राच्या गाडीतून त्यानं मागवले होते.

पदराचं टोक गुंडाळणारा बाईंचा हात जागच्या जागी थांबला. आल्यापासून त्यांना स्वस्थ बसलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते मुळीच बघवलं नाही.

"घर कोनाले देलं?" त्यांनी विचारलं.

थेट विचारलं की योगेशला खोटं बोलता येत नाही, हे त्याचं नशीब. "अजून दिलं नाही. पण गावातल्या आप्पासाहेबांना सोयाबीन ठेवायला हवंय, त्यांच्याशी बोललोय. आई, तू तिथं एकटी. मोरीत पडलीस तेव्हा दुपारपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. मला इथं झोप लागत नाही गं." त्याचंही काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच मला त्या घरात बसवेना.

"मले इचाराचं होतं," एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमानं लिफ्टपासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं काढली. योगेशच्या हातात घंटा, माझ्या हातात थाळी. विमलाबाई सुपात मुखवटे घेऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. पूर्णिमानं आतून शिकवल्याप्रमाणे विचारलं, "कोण आलं?"

यावर "महालक्ष्म्या आल्या, घरी आल्या" असं उत्तर द्यायचं. बाई सुपातल्या मुखवट्यांकडे बघत राहिल्या. मी थाळी वाजवायची थांबले. पूर्णिमानं घाबरून पुन्हा विचारलं, "कोण आलं, आई?"

"पाहुण्या आल्या," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "तीन दिवस रायतीन. मंग आमी तिघी आपल्या घरी जाऊ."

योगेशच्या हातातली घंटा थांबली. त्यानं आईकडे पाहिलं, मुखवट्यांकडे पाहिलं. आईनं नजर हलवली नाही. तो गॅलरीत गेला. फोनवर त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता. "आप्पासाहेब, घराचं राहू द्या. चावी आईकडेच राहील." जरा थांबून म्हणाला, "आणि तिच्या सोबतीला, रात्री झोपायला कुणी मिळेल का, तेवढं बघा."

महालक्ष्म्या बसल्या, आरती झाली, पुरणाचं ठरलं. पूर्णिमानं दाराजवळची पिशवी उचलून कपाटात ठेवली. बाईंनी पाहिलं आणि ती तिथेच राहू दिली. मग पदरानं तोंड पुसून त्या माझ्याजवळ येऊन बसल्या, अगदी मांडी घालून.

"हं बाई," त्या म्हणाल्या, "आता दाखवा तुमचं पुणं."

गणपतीचे देखावे दिवे लागल्याशिवाय सुरू होत नाहीत, एवढंसुद्धा मला सांगायचं सुचलं नाही. भर दुपारी मी चपला घातल्या.