न पाहिलेल्या दिवसाचं शून्य

हे सांगायचं मी कित्येक वर्षं टाळलं. आता वहीतली चूक दुरुस्त झाली आहे, म्हणून लिहितो.

पालघरच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. गच्चीवरच्या छोट्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडायचं, दिसतील ते डाग पेन्सिलीनं टिपायचे आणि निरीक्षकांच्या एका मंडळाला कळवायचं, हा आमचा रोजचा नेम. सूर्याचं चुंबकत्व जिथे उफाळतं तिथे डाग पडतो. डाग वाढतात, सरतात, अकराएक वर्षांनी पुन्हा तेच. माझ्या जोडीला प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताई होत्या, दातिवऱ्याच्या कोळी घरातल्या. नियम एकच होता: पाहिलं आणि डाग नसला तर शून्य, पाहिलंच नाही तर जागा कोरी.

डाग सरलेले दिवस होते. एकदा घरच्या कामाला बोईसरला गेलो, गच्चीवर चढलोच नाही. आठवडाभर शून्यच होतं, म्हणून संध्याकाळी वहीत शून्य लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी ताईंनी आपला आदल्या दिवशीचा कागद पुढे केला. बिंबाच्या मध्यापासून बराच वर एक बारीक ठिपका. नव्या चक्राचे पहिले डाग असेच दूर उगवतात.

"भिंगावरची धूळ असेल," मी म्हणालो.

"धूळ कशी, सर? बिंब सरकला तसा डाग पन सरकला. धूळ तितंच रायली असती. तुमाला नाय दिसला?"

"मी पाहिलं. काही नव्हतं."

शेजारचे एक शिक्षक म्हणाले, "ताई, सूर्यावर पण बोंबील वाळत घातले काय?" सगळे हसले. मीही हसलो. ताईंनी कागद वहीत ठेवला. त्या पुन्हा गच्चीवर आल्या नाहीत.

यंदा मंडळानं जुन्या वह्या मागवल्या. तो कागद आत तसाच होता. मी चिठ्ठी जोडली: त्या दिवशी मी पाहिलं नव्हतं, शून्य खोटं आहे, डाग खरा. उत्तर आलं, इतरांनाही त्या दिवशी तिथेच डाग दिसला होता. शून्य खोडलं, ताईंची नोंद त्यांच्या नावानं घेतली. वाचलं आणि छाती हलकी झाली. किती वर्षांनी!

ते पत्र घेऊन दातिवऱ्याला गेलो. ताईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि सुनेला हाक मारली. "बघ गो, मी तवाच सांगितलेला, सरकला म्हनून!" मग माझ्याकडे वळून, "आज किती डाग हायत, सर?"

"मोजता मोजता दमलो."

त्या खळखळून हसल्या. चहा झाला, सुक्या बोंबलांची पिशवी हातात पडली. माझं शून्य का खोडलं, हे त्यांनी विचारलं नाही. वाटभर घोकलेलं वाक्य पिशवीबरोबर घरी परत आलं: ताई, त्या दिवशी मी सूर्य पाहिलाच नव्हता, आणि तुमच्यावर हसलो, मला माफ करा.