सोलं शेवटी घालायची

भिकाजीकाका आमच्या कॅम्पवर आचारी होते आणि त्यांचं काम माझ्यामुळे गेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट ताणत बसणारी माणसं मला आवडत नाहीत.

कॅम्प म्हणजे लाटंबार्शाला काजूच्या बागेत ठोकलेले आठ तंबू. मालक परेशबाब. पुण्या-बंगळुरूचे लोक येतात, संध्याकाळी शेकोटीभोवती बसतात आणि चांदीच्या कागदात भाजलेलं जेवतात. बांगडा, कांदा, बटाटा, मसाला, सगळं फॉइलच्या एका पुडीत बांधून निखाऱ्यांवर वीस मिनिटं. पुडी उघडली की वाफ आणि वाफेबरोबर फोटो. फोटो निघेपर्यंत बांगडा गार होतो, पण ते त्यांना सांगणार कोण? बुकिंग घेणं, चादरी बदलणं आणि सकाळी पुड्या भरणं ही माझी कामं.

काका मूळचे दोडामार्गकडचे. एकोणिसाव्या वर्षी डिचोलीतल्या एका खाणीच्या कँटीनमध्ये भांडी घासायला आले आणि पुढे तिथलेच आचारी झाले. रोज तीनशे माणसं जेवायची. खाण बंद पडली तेव्हा कँटीनही गेलं. त्यानंतर दोन वर्षांनी बायको, जानकी, गेली. मूलबाळ नव्हतं. मग कितीतरी वर्षं हा माणूस भाड्याच्या खोलीत एकट्यासाठी पेज शिजवत राहिला. "बाय, एकट्यासाठी कसली फोडणी देतलंय?" असं म्हणायचे. रांधायला येत होतं सगळं, खाणारं कोणी नव्हतं. मला आजही वाटतं, त्यांना कामापेक्षा जेवणारी माणसं हवी होती.

कॅम्पवर आले आणि कात टाकल्यासारखे दिसायला लागले. फॉइल बघून पहिल्या दिवशी नाक मुरडलं खरं, पण आठवड्याभरात तिच्यात हळदीचं पान अंथरून बांगडा असा काही भाजायला लागले की परेशबाबने जाहिरातीत पुड्यांचाच फोटो टाकला. पुडी शिजली की नाही हे बघायला त्यांनी ती कधी उघडली नाही. निखाऱ्यांशी वाकून कान द्यायचे. आत रस खदखदत असतो, त्याचा आवाज बदलला की पुडी बाहेर. "बोलली बघ," म्हणायचे. पाहुणे हसायचे, मग तेही कान लावून बसायचे.

त्यांचा नियम एकच होता. सोलं, म्हणजे आमसुलं, पुडीत अगदी शेवटी, निखाऱ्यांवर ठेवायच्या आधी घालायची. मिठाबरोबर आंबट फार वेळ राहिलं तर तो पातळ कागद खाऊन टाकतं. म्हणून मी सकाळी पुड्या भरून वरचं तोंड उघडं ठेवायची आणि संध्याकाळी ते एकेका पुडीत दोन-दोन सोलं घालून घडी मारायचे. मला हे त्यांनी पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. एक्कावन्नाव्या वेळी मी चिडून म्हटलंही होतं, "काका, माका कळता!"

चतुर्थीनंतर एकदा त्यांच्याकडून आमटीत मीठ दोनदा पडलं. परेशबाबने सगळ्यांदेखत बजावलं, आणखी एक तक्रार आली तर दुसरा आचारी बघतो. तेव्हापासून काका मीठ घातलं की डब्याचं झाकण उलटं ठेवायला लागले, विसरायला नको म्हणून. चौसष्ट वर्षांचा माणूस परीक्षेला बसलेल्या पोरासारखा घाबरलेला मला बघवत नसे.

आणि तरीही मी ते केलं. त्या शनिवारी बावीस पाहुणे होते. मला दुपारीच साखळीच्या बाजारात जायचं होतं, कारण काय, तर मोबाईलची फुटलेली काच बदलायला. नंतर काकांची धांदल होईल, आपण सगळंच उरकून टाकू, अशी अक्कल मला सुचली. सकाळी दहाला मी बावीसही पुड्यांत सोलं घातली, घड्या मारल्या, स्टीलच्या ताटांत रचून फ्रिजमध्ये ठेवल्या. काका लाकडं आणायला गेले होते. त्यांना सांगायचं राहिलं, आणि मी बस पकडली.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. संध्याकाळी काकांनी ताटं काढली तर पुड्या बंद. एक उघडून बघितली, आत सोलं. पाहुणे भुकेले, परेशबाब मागे उभा. त्यांनी पुड्या निखाऱ्यांवर ठेवल्या आणि कान दिला. आवाजच नाही. कागदाला भोकं पडून रस केव्हाच राखेत गेला होता. ते आवाजाची वाट बघत राहिले आणि पुड्या जळत राहिल्या. उघडल्या तेव्हा बांगड्यांवर काळपट डाग आणि तोंडात राख. पाहुण्यांनी त्याचेही फोटो काढले आणि जगभर पाठवले.

सकाळी मी पोचले तेव्हा परेशबाब ओरडत होता आणि काका मान खाली घालून म्हणत होते, "मीच सकाळी घातली आसतली. आता ध्यानात रवणा नाय." मी चार हातांवर उभी होते. तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी नाही उघडलं. काकांनी पिशवी उचलली, जाताना मला म्हणाले, "बाय, निखारे इजव गो नीट."

त्यानंतर तीन आठवडे मी स्वतःला शिव्या घालत होते. शिव्या घालायला काही लागत नाही. शेवटी एका बुधवारी बाजारातून सहा बांगडे घेतले आणि भर दुपारी त्यांच्या खोलीवर गेले. काका चहात उंडो, म्हणजे बेकरीचा गोल पाव, बुडवून खात होते. चूल थंड, राखसुद्धा झाडून काढलेली.

"पेजसुद्धा नाही करत?" मी विचारलं.

"हात गेलो माझो," ते म्हणाले. "कानय गेले. बावीस पुडयो, एक बोलूक नाय. असल्या माणसान चुलीकडे जाव नये."

मला रडूच कोसळलं. सगळं सांगितलं. सोलं मी घातली, सकाळी दहाला घातली, मोबाईलसाठी घातली, आणि मग गप्प बसले. ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझा मन चांगला, बाय. म्हाताऱ्याक बरा वाटाचा म्हणान बोलतंस. पन तुका मी किती वेळा सांगललंय. तू ह्या करूचंस नाय."

"सातेरीची शपथ, काका!"

त्यांनी चटकन माझ्या तोंडावर हात धरला. "देवीक मधी घालू नको. माझ्यासाठी खोटी शपथ नको."

मी आणखी किती सांगणार? जितकं सांगत होते तितकी त्यांच्या नजरेत मी चांगली होत होते, आणि त्यांचे हात, त्यांचे कान आणखी वाया जात होते. बांगड्यांची पिशवी मी पुढे केली, आज माझ्यासाठी भाजा म्हटलं. त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही. गाठ घट्ट करून माझ्या हातात परत दिली.

"घराकडे जावन तूच भाज," ते म्हणाले. "सोलां मातर शेवटाक घाल हां. माझ्यासारख्या करू नको."

मी हो म्हटलं आणि पिशवी घेऊन बसस्टॉपवर आले.