शून्य-तीन

तैपेईच्या दक्षिणेला, डोंगरातल्या पूली गावाच्या वेशीवर शुनसाईचं गॅरेज आहे. साई म्हणजे उस्ताद, आणि हा उस्ताद गेली सहा वर्षं प्लास्टिकच्या हात धुऊन मागे लागलाय. जुनी गाडी नुसतं ऑइल बदलायला आली तरी आधी बॉनेट उघडणार, रेडिएटरच्या पाण्याची टाकी, पाइपांचे सांधे, सगळं टिचकी मारून बघणार आणि गिऱ्हाइकाला न विचारता बदलून टाकणार. तापून तापून हे प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ होतं आणि नेमका घाटात दगा देतं, हे खरंच. तरी लोक त्याची टर उडवतात, की शुनसाईकडे खेळण्यातली बाहुली न्या, तिलाही लोखंडाचे हातपाय बसवून देईल. तो हसत नाही. का, ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

यंदाच्या थंडीत तू आडनावाच्या गुरुजींची मुलगी यी-च्येन टेम्पोवर लादून बापाची हिरवी गाडी घेऊन आली, आणि शुनसाईनं ती लांबूनच ओळखली. सहा वर्षांपूर्वी गुरुजी हीच गाडी घेऊन घाटातून वर लीशानला निघाले होते. वाटेत धुक्यात, एका वळणावर पाण्याची टाकी फुटली. बघायला खाली उतरले, आणि मागून येणाऱ्या कोबीच्या ट्रकला ते दिसलेच नाहीत. गाडीला ओरखडासुद्धा नाही.

पोरीनं पुढचं सांगितलं. घरचे दरवर्षी त्या वळणावर जातात, उदबत्ती लावतात, लाकडाच्या दोन फाकांचे कौल टाकून विचारतात, की बाबा, घरी येता का? एकदाही होकार नाही. आई आता अंथरुणाला खिळलीये. तिचं एकच पालुपद, तुझे बाबा अजून थंडीत उभे आहेत गं. म्हणून पोरीनं ठरवलं होतं, आई आहे तोवर त्यांना त्यांच्याच गाडीतून आणायचं. त्यासाठी गाडी घाट चढायला हवी, आणि न फुटता उतरायलाही हवी.

शुनसाई तीन दिवस खपला. पाण्याचा पंप, थर्मोस्टॅटचं कवच, रेडिएटरचं नळकांडं, मिळेल ते धातूचं बसवलं. भरदुपारी, सगळी इंजिनं बंद असताना त्याला वाफेची सूं सूं ऐकू येत होती. ती सहा वर्षं येतेच आहे. शेवटी फुटकी टाकी काढली. तिच्यावर पांढऱ्या रंगात कुणी लिहिलेलं, ०३.

"हीच ना?" पोरीनं ती हातात घेतली. "एकशे तीन सालची. बाबा निघताना म्हणाले होते, शुनसाईनं स्वतः बघितलीये, चारच वर्षं झालीत, काही होत नाही तिला."

शुनसाईनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पूलीत सगळे प्रजासत्ताक झाल्यापासूनचं साल लिहितात, एकशे तीन म्हणजे जगाचं दोन हजार चौदा, आणि शंभर उलटल्यापासून आळसानं सुरुवातीचा एक गाळतात. पोरगीही तेच वाचत होती.

"एकशे तीन नाही गं," तो म्हणाला. "ते जगाचं साल. दोन हजार तीन. गाडी तैपेईची, तिकडच्या कुणी तसं घातलं. पंधरा वर्षांची टाकी होती ती, पोरी. मी आपल्या सवयीनं वाचलं, हात लावून बघितलंही नाही, आणि त्यांना म्हणालो, खुशाल जा. नंतर तसल्याच खुणेची दुसरी गाडी आली, तेव्हा कळलं. तोंड उघडायची हिंमत झाली नाही."

तिनं टाकी त्याच्या हातात परत दिली. मग म्हणाली, "मला काय सांगता? वर चला. त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वळणावर पोचले तेव्हा धुकं रस्त्यावर उतरलं होतं. पोरीनं कौल टाकले. दोन्ही पालथे, म्हणजे नकार. पुन्हा टाकले, दोन्ही उताणे, म्हणजे नुसतं हसू. बाप हसत होता, देत काही नव्हता. तिनं कौल शुनसाईच्या हातात कोंबले. तो ओल्या डांबरावर गुडघे टेकून बसला.

"गुरुजी, साल मी चुकीचं वाचलं. माझ्यामुळे गेलात."

एक उताणा, एक पालथा. होकार. लागोपाठ तीनदा.

उतरताना पोरगी गाडी चालवत होती. आत्म्याला घरी आणताना प्रत्येक पुलाशी हाक मारावी लागते, नाहीतर तो तिथेच राहतो. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर होता. मागच्या सीटची स्प्रिंग करकरली. दोघांनीही वळून पाहिलं नाही. दोन पुलांवर तिनं हाका मारल्या. तिसऱ्याला तिला शब्द फुटेना, आणि पूल तर समोर आला.

"गुरुजी," शुनसाईनं हाक मारली, "पूल आलाय. उतरू नका, बसून राहा. गाडी आता तापायची नाही."