अक्काचा गुलाब आणि अग्निशमन दल

चूक माझीच होती. मी बहिणीचा गुलाब पाहायचं बंद केलं.

अक्का तळोज्याला एकटी, मी सानपाड्याला एकटा. माझी बायको गेल्यापासून अक्का रोज सकाळी सहाला मोबाइलवर गुलाबाचा फोटो पाठवते. (तीन वर्षं. गुलाब तोच.) त्यातच मी कुठंतरी वाचलं की असे फोटो मोठमोठ्या संगणकांत साठतात, त्यांना वीज लागते, ते तापू नयेत म्हणून थंड करावे लागतात. मला रात्रंदिवस एसीत बसलेला अक्काचा गुलाब दिसू लागला! माझ्या घरात साधा पंखा, आणि त्याला एसी!

नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिलं, "पृथ्वीसाठी फुलं पाठवणं थांबवा. मी बघणार नाही. शनिवारी तर माझा मोबाइल बंदच असेल."

सगळे थांबले. एकदम सगळे! दोन दिवस मला फक्त रिचार्ज संपत आल्याचे मेसेज आले. तेही मी दोनदा वाचले. अक्काचा गुलाब मात्र येत होता. मी तत्त्वाचा माणूस, उघडला नाही.

शनिवारी ठरल्याप्रमाणे मोबाइल बंद केला. वरच्या घरात फरशा फोडत होते, म्हणून कानांत कापूस घातला आणि दुपारी आडवा झालो.

डोळे उघडले तर पलंगाशी हेल्मेट घातलेला माणूस! मी कानांतला कापूस काढला.

"काका, जिवंत आहात?"

"हो. तुम्ही कोण?"

"अग्निशमन दल. गॅलरीतून आलो. फोन का बंद?"

"पर्यावरण वाचवतोय."

त्याने खिडकीतून खाली पाहिलं. मीही पाहिलं. शिडीची लाल गाडी इंजिन चालू ठेवून काळा धूर सोडत होती. शेजारी तळोज्याहून आलेली रिक्षा. सगळी सोसायटी माना वर करून उभी.

दार उघडलं तर सेक्रेटरी म्हणाले, "काय राव! आम्ही अर्धा तास बेल वाजवतोय!"

त्यांच्यामागून अक्का आली. हातात एकच चप्पल.

"मेल्या, दोन दिवस गुलाबाखालच्या खुणा निळ्या झाल्या नाहीत! आज फोन पण बंद!"

"अगं, मी ग्रुपवर लिहिलं होतं ना, फुलं बघणार नाही, शनिवारी फोन बंद म्हणून!"

"ग्रुप कोण वाचतंय? आणि फुलं तरी कोण बघतंय? त्या दोन खुणा निळ्या झाल्या की कळतं, आमचा बाळू उठला. मग मी चहा ठेवते. दोन दिवस चहा नाही घेतला मी."

मी चहा ठेवला. दोघांनी घेतला. माफी मागायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मीच गुलाब पाठवला. (तिचाच. माझ्याकडे दुसरा कुठला?) खाली लिहिलं, "अक्का, चुकलो. माफ कर. जिवंत आहे."

खुणा निळ्या व्हायला नऊ मिनिटं लागली. तोवर मी चपला घालून तळोज्याची रिक्षा थांबवली होती!